पिशवीतला बोंबील

विठ्ठलवाडी,
२४ मे १९८६

प्रिय भिवा,

सप्रेम जय भीम.

विठ्ठलवाडीहून ठाण्याला यायला पाऊण तास लागतो आणि तरी मी पत्र लिहितोय, म्हणजे मी कुठेतरी शेण खाल्लंय हे तू ओळखलंच असशील. तुला तोंड दाखवायला मला काही वाटत नाही. डिप्लोमाची तीन वर्षं तू मला याहून वाईट अवस्थेत पाहिलेलं आहेस. पण तुमच्या घरी आलो की आवडामावशी ताट वाढायच्या आधी विचारणार, "काय रं, झाला का तुझा रस्ता?" आणि मला खोटं बोलून जेवता येत नाही.

झाला रस्ता. नोकरीतला माझा पहिला स्वतंत्र रस्ता, डोंबिवलीत भाजीबाजाराजवळचा. काम सोपं. जुना रस्ता झाडायचा, गरम डांबर फवारायचं, वर बारीक खडी पसरायची, रोलर फिरवायचा. मला वाटलं, डांबर जरा सढळ हातानं टाकलं तर खडीला सुटायची हिंमत होणार नाही. राघो म्हणून माझा मुकादम आहे, सव्वीस वर्षं रोजंदारीवर रस्ते करतोय. तो म्हणाला, "साहेब, वैशाखात डांबर हात राखून टाकावं. ऊन त्याला वर काढतं." मी त्याला पुस्तकातलं पान दाखवलं. त्याला वाचता येत नाही, त्यामुळे वादात मी जिंकलो.

चौथ्या दिवशी दुपारी डांबर उन्हानं वर आलं. सगळी खडी गिळून रस्ता काळाकुट्ट आणि चिकट. मी गेलो तेव्हा अकरा चपला रस्त्यावर चिकटून बसलेल्या, मालक गायब. एक भाजीवाली मला म्हणाली, "साहेब, चपला काढून यायला हे देऊळ आहे का?" मी रुबाबात पाहणी करायला पुढे गेलो आणि माझा डावा बूट तिथेच राहिला. एका बुटावर ऑफिसला गेलो. घरी रंभाला सांगितलं तर ती इतकी हसली की पोळी करपली.

मावशीला सांग, दगडूला सर्दी झालीय, म्हणून येत नाही.

तुझा,
दगडू

•

चेंदणी कोळीवाडा, ठाणे
१ जून १९८६

प्रिय दगडू,

एकवीरा आईच्या कृपेनं इथे सगळे ठीक.

मे महिन्यात सर्दी, असं आईला सांगितलं. ती म्हणाली, "भिवा, तू नकाशे काढतोस तेच काढ, खोटं तुला जमत नाय." मग सगळं पत्र वाचून दाखवावं लागलं. बूट आला तेव्हा तिनं दोनदा वाचायला लावलं.

नौपाड्यातल्या आमच्या ऑफिसातही वाचलं, माफ कर. सगळे म्हणाले की असा इंजिनियर हवा, निदान स्वतःच्या रस्त्यावर चालून तरी बघतो.

आईचा निरोप असा, "वैशाखाच्या उन्हात आमी मासलीपन दिवसभर ठेवत नाय, करपते. डांबराला जीव नाय का?" मुकादमाचं ऐक, हेही तिनंच सांगितलंय. मी सांगितलं असतं तर तू पुस्तक दाखवलं असतंस.

तुझा,
भिवाजी

•

विठ्ठलवाडी,
२६ ऑक्टोबर १९८६

प्रिय भिवा,

सप्रेम जय भीम. मला परत सर्दी झाली आहे.

या वेळी मी शहाणा झालेलो. दसरा जाऊ दिला. रोज रेडिओवर हवामान ऐकलं, वहीत लिहून ठेवलं. तीन दिवस आकाश निरभ्र. चौथ्या दिवशी सकाळी विठ्ठलवाडीच्या पुलाजवळ काम काढलं. डांबरही हात राखून टाकलं. राघो एका कडेला उकिडवा बसून जमिनीकडे बघत होता. म्हणाला, "साहेब, मुंग्या अंडी घेऊन निघाल्यात." मी म्हटलं, राघो, रेडिओवर मुंग्यांचं काही सांगितलं नाही.

चार वाजता पाऊस आला. तासभर आला आणि खास माझ्यासाठी आलेला असावा, कारण कल्याणात थेंब नाही. डांबर थंड व्हायच्या आत पाणी खाली शिरलं. संध्याकाळी खडी गटारात आणि डांबराचे काळे पाय प्रत्येकाच्या दारात. त्या रस्त्यावर आमचीच चाळ आहे, हे मी सांगितलं का? रंभा दोन दिवस रॉकेलनं फरशी पुसतेय आणि शेजारणींना सांगतेय की इंजिनियर कोण होता ते आम्हाला माहीत नाही.

हसून झालं असेल तर आता ऐक. आमचे कार्यकारी अभियंता गुरुदत्त प्रधान, त्यांनी मला बोलावलं. आवाज चढवत नाहीत ते, त्यानंच भीती वाटते. म्हणाले, "खैरे, उन्हाळा तुमच्या विरुद्ध, पावसाळा तुमच्या विरुद्ध. जानेवारीत शाळेचा रस्ता देतो. हिवाळ्याशी तरी जमवून घ्या."

माझं सोड. फेब्रुवारीअखेर रोजंदारीवाल्यांपैकी काही जणांना कायम करायची यादी वर जाणार आहे. आमच्या विभागातून एकच नाव, राघोचं. सव्वीस वर्षांत त्याची ही तिसरी वेळ. आधी दोनदा काही ना काही निघालं आणि नाव गळालं. आता तो सत्तावन्नचा. या खेपेला गळलं तर म्हातारपणी हातात काही नाही. त्याच्या कामाचा दाखला शाळेच्या रस्त्यावरून द्यायचा आहे आणि तो रस्ता माझ्या हातात आहे. तूच सांग, राघोनं कुठल्या देवाचं काय वाकडं केलं होतं?

थंडीत मला फक्त एवढं कळायला हवं की हवा कोरडी आहे की दमट. पुस्तक म्हणतं, सावलीत सोळा अंशाच्या वर तापमान असलं की काम करा. डोंबिवलीत सोळा अंश म्हणजे लोक कानटोप्या शिवून घेतील. ते पुस्तक कुठल्या मुलखात लिहिलंय कोण जाणे.

तुझा,
दगडू

•

चेंदणी कोळीवाडा,
९ नोव्हेंबर १९८६

प्रिय दगडू,

सोबत पुडकं पाठवतोय. आमच्या शेजारचा उत्तम डोंबिवलीला कामाला येतो, त्याच्या हाती. लोकलच्या डब्यातली माणसं त्याच्यापासून लांब बसतील, त्याला आरामात जागा मिळेल, म्हणून तो आधीच तुझे आभार मानतोय.

आत वीस सुके बोंबील आहेत. उत्तनच्या माझ्या मावशीकडचे, नवे. तुझं पत्र ऐकून आई उठली आणि जोड्या मोजून बांधायला लागली. ती सांगते ते जसंच्या तसं लिहितोय.

"दगडू, ही खायाची नाय. दाराला टांग, वाऱ्यात. सकाली एक घेऊन मोड. कट्ट मोडला तर हवा सुकी, खुशाल काम कर. दोरीवानी वाकला तर घरी जा आन चा पी. चालीस वर्सं मी याच्यावर माल उन्हात काढतंय. रेडिओ खोटा बोलंल, बोंबील नाय."

मी तिला म्हटलं, आई, तो सरकारी कामात बोंबील कसा वापरेल? ती म्हणाली, "का, सरकार काय मासली खात नाय?"

तुझा,
भिवाजी

•

विठ्ठलवाडी,
१९ जानेवारी १९८७

प्रिय भिवा,

सप्रेम जय भीम. ढोल वाजव. शाळेचा रस्ता झाला.

मावशीच्या पायावर डोकं ठेवून सांग, तिचा बोंबील आमच्या खात्यातला सगळ्यात भरवशाचा कर्मचारी निघाला. १४ तारखेपासून रोज सकाळी साडेसातला मी रस्त्यावर उभा राहून एक मोडायचो. रोज कट्ट. १६ तारखेला शाळेची मुलं गोळा झाली, त्यांच्यासमोर मोडला, मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी हात वर करून म्हटलं, टाका डांबर. भिवा, आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की मी इंजिनियर आहे.

ऑफिसात सुरुवातीला वासावरून जरा कुरबुर झाली. आमच्या टायपिस्ट सुमतीबाई शुद्ध शाकाहारी. त्यांनी रजेचा अर्ज स्वतःच टाइप करून माझ्या टेबलावर ठेवला. पण मी त्याची व्यवस्था केली, आता कुणाची तक्रार नाही.

राघो आपल्या नेहमीच्या पद्धतीनं तोंड पाडून होता. म्हातारा झालाय. दाखला मी लिहायला घेतलाय.

या रविवारी जेवायला येतोय. सर्दी बरी झाली.

तुझा,
दगडू

•

विठ्ठलवाडी,
३१ जानेवारी १९८७

प्रिय भिवा,

रविवारी आलो नाही. आता कधी येईन सांगता येत नाही.

शाळेचा रस्ता सुटला. दहाव्या दिवशी पहिली बस वळली आणि खडी साबुदाण्यासारखी मोकळी झाली. खाली डांबराचा नुसता पापुद्रा, नखानं काढला तर निघतो. मुलं खिसे भरभरून खडी नेताहेत. परवा चित्रकलेच्या मास्तरांची स्कूटर घसरली, मनगट मोडलं, तेही उजवं. मी भेटायला गेलो तर डाव्या हातानं नमस्कार केला त्यांनी. चांगला माणूस आहे, शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

खालचा रस्ता ओला होता, दुसरं काही नाही. दंव पडलेलं असणार. म्हणजे बोंबलानं दगा दिला. मावशीचा अनुभव खाडीकिनाऱ्याचा, डोंबिवलीची हवा वेगळी असेल, मी तिला दोष देत नाही. पण खरं ते खरं.

प्रधान साहेबांनी अहवाल मागितलाय, १० तारखेपर्यंत. म्हणाले, "हवामान हे कारण या वेळी चालणार नाही, खैरे, दोनदा वापरून झालंय." मग स्वतःच सुचवलं. मुकादमानं रस्ता नीट झाडला नाही, खाली धूळ राहिली, म्हणून डांबर धरलं नाही. राघोला मेमो निघालाही. मी फक्त खाली सही करायची. सही केली की मी सुटतो आणि राघोचं नाव यादीतून जातं.

त्यानं झाडला होता रे रस्ता. दोनदा झाडला होता. त्या सकाळी तो काहीतरी सांगतही होता, पण मी घाईत होतो.

काय करू ते कळत नाही.

दगडू

•

चेंदणी कोळीवाडा,
३ फेब्रुवारी १९८७

प्रिय दगडू,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं नाही. "बोंबलानं दगा दिला" हे वाक्य मला तिच्यासमोर उच्चारवेना. पण तिनं पाकीट पाहिलं, माझं तोंड पाहिलं आणि म्हणाली, वाच.

ऐकून ती उठली. बाजारात गेली, आली, जेवली नाही. मी म्हटलं, आई, त्याचं मनावर घेऊ नको. तर म्हणाली, "चालीस वर्सं बाया माझ्याकडून माल नेतात, एकीनं परत आणला नाय. आता माझ्या बोंबलापायी गरिबाची नोकरी जाते."

मग रात्री तिनं मला एक गोष्ट सांगितली, ती नीट वाच. तुला दिले त्याच जुडीतले चार बोंबील आमच्या दाराला टांगलेले आहेत. १६ जानेवारीला सकाळी तिनं एक मोडून पाहिला. तो वाकला. तिला तारीख आठवते, कारण त्या दिवशी तिनं माल उन्हात काढलाच नाही, दहा वाजेपर्यंत घरात बसली आणि टेंभी नाक्याच्या गिऱ्हाइकाला उद्या ये म्हणून परत पाठवलं. ठाण्यात वाकतो आणि डोंबिवलीत कट्ट मोडतो, असं होत नाही.

तिचा एकच प्रश्न आहे. "त्याला विचार, कुठं ठेवलेलास?"

भिवाजी

•

विठ्ठलवाडी,
६ फेब्रुवारी १९८७

प्रिय भिवा,

पिशवीत.

साडीच्या दुकानाची जाड प्लॅस्टिकची पिशवी, वर दोन गाठी, ती ऑफिसच्या लोखंडी कपाटात, सर्वांत खालच्या खणात. सुमतीबाईंच्या रजेच्या अर्जावर मी केलेली हीच ती व्यवस्था. रोज सकाळी पिशवी सोडायची, एक काढायचा, लगेच गाठ. बाहेर धुकं असो, दंव असो, पाऊस असो, आत तो बिचारा नोव्हेंबरातच होता. हवेत टांग असं मावशीनं स्पष्ट सांगितलेलं. मी हवा मोजायचं यंत्र हवेपासून जपून ठेवलं आणि वर त्यालाच खोटारडा म्हटलं. डिप्लोमा फर्स्ट क्लास. कागद फ्रेम करून भिंतीवर लावलाय, आज उलटा करून ठेवला.

अजून आहे. राघो "काहीतरी सांगत होता" असं मी मागच्या पत्रात लिहिलं. काय सांगत होता ते मला पक्कं माहीत होतं. त्यानं खाली वाकून रस्त्यावर तळहात फिरवला, मग खडीच्या ढिगात घातला आणि माझ्यासमोर धरला. म्हणाला, "साहेब, हात ओला होतोय. दहापर्यंत थांबू." तळहात चकचकत होता, मी पाहिला. पण समोर मुलं उभी, माझ्या हातात बोंबील, आणि तो नुकताच कट्ट मोडलेला. टाळ्या वाजल्या. टाळ्या वाजत असताना कोण थांबतं रे?

मला भीती वाटते, भिवा. आमच्या चाळीतला पहिला साहेब मी. बाबांनी आयुष्यभर मिलमध्ये दुसऱ्यांचे हुकूम ऐकले. मला पहिल्यांदा ऑफिसात खुर्ची मिळाली तेव्हा ते तिला हात लावून बघून आले. अहवालात बोंबील लिहिला तर मी खात्यात जन्मभराचा विनोद होणार. आणि नाही लिहिला तर राघो जाणार. रंभाला विचारलं. ती कपडे वाळत घालत होती. म्हणाली, "विनोद तर तुम्ही आत्ताही आहात. निदान उपयोगाचे व्हा."

मावशीला हे पत्र सगळं वाचून दाखव. काही गाळू नकोस.

दगडू

•

चेंदणी कोळीवाडा,
२ मार्च १९८७

प्रिय दगडू,

तीन आठवडे झाले, तुझं पत्र नाही. १० तारीख गेली, यादी वर जायची तारीखही गेली. तू काय लिहून दिलंस?

आई रागावलेली नाही. पिशवीचं ऐकून आधी कपाळाला हात लावला, मग पदर तोंडाला लावला. हसत होती की काय ते दिसलं नाही. पण रोज संध्याकाळी विचारते, "त्या मुकादमाचं काय झालं?" तुझं काय झालं असं विचारत नाही.

भिवाजी

•

विठ्ठलवाडी,
१५ मार्च १९८७

प्रिय भिवा,

सप्रेम जय भीम.

पत्र लिहिलं नाही कारण काय झालं ते मलाच परवा कळलं. आता क्रमानं सांगतो.

९ फेब्रुवारीला अहवाल दिला. दीड पान. त्यात लिहिलं की मुकादम राघो यांनी रस्ता दोन वेळा झाडला होता. रस्ता व खडी दंवानं ओली असल्याचं त्यांनी तळहात दाखवून मला सांगितलं होतं. मी ते मानलं नाही, कारण माझा भरवसा एका सुक्या बोंबलावर होता, आणि तो बोंबील मी स्वतः प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवल्यामुळे त्याला बाहेरच्या हवेचा पत्ता नव्हता. सबब चूक सर्वस्वी माझी. पुरावा म्हणून उरलेल्यांपैकी एक बोंबील अहवालाला टाचला. हे टाचणं कदाचित जास्त झालं.

प्रधान साहेबांनी दोनदा वाचलं. चष्मा काढला. म्हणाले, "खैरे, हे वर पाठवू?" मी म्हटलं, हो साहेब. "बोंबलासकट?" हो साहेब. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते, खांदे हलत होते. मग म्हणाले, "तीस वर्षांत मी चुकीचे शंभर अहवाल वाचले. चूक लिहिलेला हा पहिला."

याचा अर्थ त्यांनी मला सोडलं असा घेऊ नकोस. रस्त्यांवरून मला काढलंय. जुन्या नकाशांच्या खोलीत बसवलंय, बढती लांबली ती कुठवर लांबली ते विचारायची सोय नाही. या खोलीला खिडकी नाही, त्यामुळे हवामानाशी माझा संबंध संपला. खात्यात मला आता "बोंबील साहेब" म्हणतात, शिपाईसुद्धा म्हणतो, पण चहा आधी मला आणून देतो. अहवाल ज्या ज्या टेबलावर गेला तिथे मांजर गेलं, असंही ऐकलं. फाइल चार ठिकाणी चावलेली परत आली.

आणि मावशीला सांग, राघो कायम झाला. मेमो मागे घेतला. परवा त्याला कागद मिळाला. त्याला वाचता येत नाही म्हणून तो नकाशांच्या खोलीत आला आणि माझ्यासमोर धरला. मी वाचून दाखवला. म्हणाला, परत वाचा. चार वेळा वाचला. चौथ्या वेळी माझाच आवाज बसला. सर्दी असणार.

तुझा,
दगडू

•

चेंदणी कोळीवाडा,
२२ मार्च १९८७

प्रिय दगडू,

उत्तमच्या हाती पुडकं पाठवलंय, पुन्हा वीस. आईचा निरोप एवढाच, "ही खायाची हायत. रंभाला सांग, चटणी कर. आन एक मुकादमाला दे."

रविवारी न चुकता या, दोघंही.

तुझा,
भिवाजी

•

विठ्ठलवाडी,
१२ जानेवारी १९८८

प्रिय भिवा,

सप्रेम जय भीम.

रविवारी भेटलो तेव्हा सांगायचं राहिलं, आणि समोरासमोर मला सांगता आलं नसतं.

शाळेचा रस्ता गेल्या आठवड्यात पुन्हा केला. नवा इंजिनियर आलाय, पोरगेला, त्याच्याकडे हवेतला ओलावा मोजायचं, बॅटरीवर चालणारं यंत्र आहे. काम राघोचं. आदल्या दिवशी तो नकाशांच्या खोलीत आला, खाकी वर्दी नवी कोरी, अंगाला बसत नव्हती. म्हणाला, "साहेब, मागच्या साली मी हात दाखवला आन गप बसलो. लोकांसमोर साहेबाला कसं बोलायचं, म्हणून. तितं माझंबी चुकलं. उद्या सकाळी या."

आठ वाजता गेलो. धुकं होतं. बॉयलर पेटलेला, ढीग तयार, नवा इंजिनियर यंत्राकडे बघत उभा. राघोनं सगळ्यांदेखत माझं मनगट धरलं, मला खाली वाकवलं आणि माझा तळहात रस्त्यावर टेकवला. गार होता रस्ता. हात उचलला तर ओला.

"काय म्हनता, साहेब?"

मी म्हटलं, दहापर्यंत थांबू.

राघोनं गड्यांना हाक मारून सांगितलं, साहेबांनी दहापर्यंत थांबायला सांगितलंय. सगळे थांबले. नवा इंजिनियरही थांबला. भिवा, या नोकरीत माझा तेवढाच एक हुकूम बरोबर निघाला. त्या रस्त्याला आज आठवा दिवस, बस रोज वळते, खडी जागची हलली नाही. मास्तरांची स्कूटरही गेली त्याच्यावरून.

मी वाकलेलो असताना शाळेची मुलं येत होती. एकानं दुसऱ्याला विचारलं, हे साहेब रस्त्याच्या पाया पडतायत का? मी उठून काही सांगणार होतो. मग म्हटलं, पडलोय तर पडलोय.

तुझा,
दगडू